अमेरिकेतला अफोर्डेबल केअर ॲक्ट: फायदा कोणाला, भार कोणावर?

पिंपळपान

ओबामाकेअरचा, म्हणजे अफोर्डेबल केअर ॲक्टचा, विषय निघाला की बोलणं लगेच दोन टोकांना जातं. एक म्हणतो गरिबांचं भलं झालं, दुसरा म्हणतो मध्यमवर्गाचा खिसा कापला. २३ मार्च २०१० ला सही झालेल्या या कायद्यात नंतर इतके फेरफार झाले आहेत की मूळ कायदा काय होता आणि आज लागू काय आहे, हेच धड समजत नाही. काही भाग सुप्रीम कोर्टाने बदलला, काही काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) रद्द केला, आणि ४ जुलै २०२५ च्या मोठ्या कायद्याने आणखी कातरकाम केलं.

म्हणून पक्षाचं राजकारण बाजूला ठेवून तरतुदींवर बोलूया. तीन प्रकारची घरं धरा: नोकरीतून विमा असलेलं, साठीच्या आसपास लवकर निवृत्त झालेलं किंवा स्वतःचा धंदा असलेलं जोडपं, आणि मुलांकडे नुकतेच ग्रीन कार्डवर आलेले पासष्टीपुढचे आईवडील. या तिघांना कायद्याने काय दिलं आणि त्यांच्याकडून काय घेतलं? आकड्यांसकट सांगितलंत तर उत्तम.

हिशेबनीस

एक गोष्ट आधी ध्यानात घ्या, निम्मे वाद तिथेच मिटतात. हा कायदा मुख्यतः विम्याबद्दल आहे. विमा कोणाला नाकारता येणार नाही, त्यात काय असलंच पाहिजे आणि हप्त्याचा भार कोण उचलणार, हे त्याने ठरवलं. हॉस्पिटलने एमआरआयचे किती लावावेत, याला त्याने फारसा हात लावला नाही. फायदे बहुतेक पहिल्या भागातले आहेत आणि तक्रारी दुसऱ्या भागातल्या.

२०१४ च्या आधी स्वतःच्या पैशाने विमा घ्यायचा तर बहुतेक राज्यांत आजारांचा सगळा इतिहास लिहून द्यावा लागे. मधुमेह किंवा जुना कॅन्सर असेल तर सरळ नकार, नाहीतर तो आजार वगळून पॉलिसी. मोठा क्लेम आला की जुना अर्ज उकरून काढायचा आणि एखादी नोंद राहिली म्हणून पॉलिसीच रद्द करायची, असेही प्रकार होत. स्वतः घेतलेल्या बहुतेक पॉलिसींत बाळंतपण नसायचं. आयुष्यभराच्या खर्चावर कमाल मर्यादा असायची, आणि मुदतीआधी जन्मलेलं बाळ काही महिने अतिदक्षता विभागात राहिलं की ती मर्यादा पहिल्या वाढदिवसाआधी संपू शकायची.

१ जानेवारी २०१४ पासून हप्ता फक्त चार गोष्टींवर ठरतो: वय, राहण्याचं ठिकाण, तंबाखू आणि विमा किती माणसांचा. सर्वांत मोठ्या वयाचा हप्ता एकविशीतल्याच्या तिपटीपेक्षा जास्त नाही, तंबाखूसाठी दीडपटीपेक्षा जास्त नाही, स्त्री-पुरुष भेद नाही. बाळंतपण, मानसिक आरोग्य, औषधं, इमर्जन्सी, लहान मुलांचे दात-डोळे धरून दहा प्रकारचे लाभ सक्तीचे झाले. भारतात आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड असू शकतो. इथे विमा सुरू झाला त्या दिवसापासून सगळं धरलं जातं.

आता याची दुसरी बाजू. आजारी पडल्यावर विमा घेता येत असेल तर निरोगी माणूस आधीपासून हप्ता कशाला भरेल? न्यूयॉर्कने १९९३ पासून विमा नाकारण्यावर बंदी घातली, पण सक्ती केली नाही. हप्ते वाढत गेले आणि स्वतः विमा घेणाऱ्यांची संख्या आटत गेली. म्हणून या कायद्यात विमा न घेणाऱ्याला दंड होता, २०१६ पर्यंत वाढून माणशी ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, जे जास्त असेल ते. २०१७ च्या करकायद्याने तो २०१९ पासून शून्यावर आणला. तरी बाजार कोसळला नाही, कारण हप्ता वाढला की हप्त्यासाठी सरकारकडून मिळणारी सबसिडीही वाढते आणि सबसिडीवाल्याला ती वाढ जाणवतच नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसेच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि वॉशिंग्टन डीसीत मात्र स्थानिक दंड आजही आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये राहणाऱ्यांनी ‘दंड गेला’ या ऐकीव माहितीवर राहू नये.

नोकरीतून विमा असलेल्या घरासाठी फायदे दिसत नाहीत, पण आहेत. मूल २६ वर्षांचं होईपर्यंत तुमच्या विम्यात राहू शकतं. त्याचं लग्न झालेलं असो, शिक्षण सुटलेलं असो, फरक पडत नाही. वार्षिक आणि आजन्म मर्यादा गेल्या. एक खाच मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. मोठ्या कंपन्यांचे प्लॅन बहुधा सेल्फ-फंडेड असतात, म्हणजे क्लेमचे पैसे कंपनी स्वतः देते आणि विमा कंपनी फक्त कारकुनी करते. अशा प्लॅनला त्या दहा लाभांची यादी बंधनकारक नाही, आणि राज्याचे विम्याचे नियमही लागू नाहीत. न्यू जर्सीत आयव्हीएफ विम्यात धरण्याचा राज्याचा कायदा आहे, पण प्लॅन सेल्फ-फंडेड असेल तर तो उपयोगी पडत नाही. एचआरकडून ‘समरी प्लॅन डिस्क्रिप्शन’ मागवा. पहिल्या काही पानांतच याचा उलगडा होतो.

सर्वांत मोठा फायदा गरिबांना झाला आणि सर्वांत मोठं भोकही तिथेच पडलं. सरकारी गरिबीरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या सगळ्या प्रौढांना मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) मिळेल, असं कायद्याने गृहीत धरलं होतं. २८ जून २०१२ ला सुप्रीम कोर्टाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया धरून दहा राज्यांनी ते अजून पूर्णपणे स्वीकारलेलं नाही. सबसिडी गरिबीरेषेच्या १०० टक्क्यांपासून सुरू होते. त्यामुळे टेक्सासमध्ये त्याहून कमी कमावणाऱ्या, मुलंबाळं नसलेल्या माणसाला मेडिकेडही नाही आणि सबसिडीही नाही. थोडं जास्त कमावणाऱ्याला मदत आणि कमी कमावणाऱ्याला काहीच नाही. यापेक्षा अन्याय्य काही या सगळ्या रचनेत नाही. एवढं असूनही देशात विमा नसलेल्यांचं प्रमाण २०१० मध्ये १६ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०२३ पर्यंत ८ च्या घरात आलं.

ओहायोकर

हिशेबनीस यांच्याशी बराचसा सहमत. पण भाराची बाजू त्यांनी फार हळुवारपणे मांडली आहे.

विमा कंपन्यांना माणसं निवडायची बंदी झाली, लाभ कापायचीही बंदी झाली. मग खर्च आटोक्यात ठेवायला हातात उरलं काय? डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) आणि नेटवर्क (प्लॅनशी करार असलेले डॉक्टर आणि हॉस्पिटलं). डिडक्टिबल कसं वाढलं आणि नेटवर्क कसं आवळलं गेलं, ते मार्केटप्लेसचा (स्वतः विमा घेणाऱ्यांसाठीच्या सरकारी बाजाराचा) कुठलाही ब्रॉन्झ प्लॅन उघडून पाहा. ब्रॉन्झ सरासरी खर्चाच्या ६० टक्के उचलतो, सिल्व्हर ७०, गोल्ड ८०, प्लॅटिनम ९०. २०२६ साठी खिशातून जाणाऱ्या खर्चाची कमाल मर्यादा एकट्याला १०,६०० डॉलर आणि कुटुंबाला २१,२०० डॉलर आहे. तीही फक्त नेटवर्कमधल्या उपचारांसाठी, आणि हप्ता त्यात धरलेला नाही.

नेटवर्कबाबत लोक फसतात ते प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे. दवाखान्यात ‘तुम्ही अमुक कंपनीचा विमा घेता का’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं, कारण त्या कंपनीच्या नोकरीवाल्या प्लॅनमध्ये डॉक्टर असतात. मार्केटप्लेसवरचं नेटवर्क बहुधा वेगळं आणि लहान असतं. कार्डावर किंवा प्लॅनच्या माहितीपत्रात नेटवर्कचं नाव छापलेलं असतं. ते नाव बिलिंगवाल्यांना अक्षरशः वाचून दाखवा आणि विचारा, ‘या नेटवर्कमध्ये, या पत्त्यावर, हे डॉक्टर आहेत का?’ एकाच डॉक्टरचे दोन दवाखाने असले तर एक आत आणि एक बाहेर असू शकतो. विमा कंपनीच्या वेबसाइटवरची यादी बरेचदा शिळी असते, तिच्यावर विसंबू नका. २०२२ पासून लागू झालेल्या ‘नो सर्प्रायझेस ॲक्ट’मुळे इमर्जन्सीत किंवा नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात बाहेरच्या भूलतज्ज्ञाचं वेगळं बिल येणं थांबलं, पण रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स त्यातून सुटली आहे.

दुसरी गोष्ट, हप्त्याचे ८० टक्के, आणि मोठ्या गटांच्या विम्यात ८५ टक्के, उपचारांवरच खर्च करायचा नियम. वरकरणी चांगला आहे, ग्राहकांना परतावेही मिळाले. पण उरलेला वाटा टक्क्यांत बांधला की तो डॉलरमध्ये वाढवायचा एकच मार्ग राहतो: एकूण खर्च वाढू देणे. त्यात आज मोठ्या विमा कंपन्यांच्या मालकीचे दवाखाने आहेत आणि औषधांचे दर ठरवणाऱ्या कंपन्याही आहेत. आपल्याच दवाखान्याला दिलेले पैसे ‘उपचारांवरचा खर्च’ म्हणून दाखवता येतात. माझ्या मते कायद्याचा हा सर्वांत दुबळा सांधा आहे.

खर्चाला खरोखर लगाम घालू शकेल अशी एक तरतूद होती, महागड्या नोकरीवाल्या प्लॅनवर ४० टक्क्यांचा कर. कंपन्या आणि कामगार संघटना दोघांनीही विरोध केला, अंमल पुढे ढकलत नेला आणि २०१९ च्या डिसेंबरात एक दिवसही लागू न होता तो रद्द झाला. डॉक्टरांच्या मालकीच्या नव्या हॉस्पिटलांना मेडिकेअरचे (मुख्यतः पासष्टीपुढच्यांच्या सरकारी विम्याचे) दरवाजे बंद केले गेले, त्याचा लाभ आधीच बलाढ्य असलेल्या हॉस्पिटल-साखळ्यांना झाला. परिणाम समोर आहे: २०२३ मध्ये आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या १७.६ टक्के.

दोघंही कमावत्या आयटीतल्या जोडप्यांनी करही मोजावेत. जोडप्याचं उत्पन्न अडीच लाख डॉलरच्या वर गेलं की वरच्या पगारावर ०.९ टक्के जादा मेडिकेअर कर लागतो, आणि त्या मर्यादेपलीकडच्या व्याज, भाडं, शेअर-नफ्यावर ३.८ टक्के. ही मर्यादा २०१३ पासून तिथेच आहे, महागाईप्रमाणे वाढत नाही. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडंही त्यात येतं, आणि भारतात भरलेल्या कराची वजावट या ३.८ टक्क्यांवर सहसा मिळत नाही.

पिंपळपान

दोघांचेही आभार. साठीच्या जोडप्याबद्दल अजून कोणी बोललं नाही. आणि सबसिडीतला ‘चारशे टक्क्यांचा कडा’ म्हणतात, तो नेमका काय?

वजाबाकी

मूळ कायद्यात सबसिडी गरिबीरेषेच्या ४०० टक्क्यांपर्यंतच होती. २०२१ मध्ये ती मर्यादा काढली आणि कोणालाही उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांपेक्षा जास्त भरावं लागणार नाही असं केलं. ही सवलत २०२५ अखेर संपली आणि ४०० टक्क्यांची मर्यादा परत आली, हाच तो कडा. २०२६ च्या प्लॅनसाठी २०२५ ची गरिबीरेषा धरतात: एकट्याला १५,६५० डॉलर, पुढच्या प्रत्येक माणसामागे ५,५०० ची भर. म्हणजे दोघांसाठी २१,१५० आणि त्याचे ४०० टक्के ८४,६००.

हिशेब करून पाहा. समजा दोघंही साठीचे आहेत आणि त्यांच्या भागातल्या दुसऱ्या सर्वांत स्वस्त सिल्व्हर प्लॅनचा (सबसिडी यावरूनच मोजतात) हप्ता दोघांचा मिळून वर्षाला २४,००० डॉलर आहे. उत्पन्न बरोबर ८४,६०० असेल तर त्यांचा वाटा ९.९६ टक्के, म्हणजे सुमारे ८,४२६. उरलेले साडेपंधरा हजार सरकार देतं. उत्पन्न हजार डॉलरने वाढलं तर सबसिडी शून्य. हजार कमावले आणि साडेपंधरा हजार गमावले. पंचविशीतल्या माणसाचा हप्ता मुळातच कमी, त्याला हा कडा फारसा बोचत नाही. साठीतल्याला तो आडवा करतो.

वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही उत्पन्नाचा अंदाज देता, त्यावर सबसिडी थेट विमा कंपनीकडे जाते. पुढच्या वर्षी मिळालेल्या सबसिडीचा तपशील देणारा १०९५-ए फॉर्म येतो आणि करपत्रासोबतच्या ८९६२ फॉर्मवर खरा हिशेब होतो. २०२५ च्या करवर्षापर्यंत ४०० टक्क्यांखालच्यांना परतफेडीवर कमाल मर्यादा होती. २०२६ पासून ती काढली आहे, जास्त घेतलेला सगळा पैसा परत करावा लागतो. त्यामुळे उत्पन्न बदललं की मार्केटप्लेसवर लगेच नोंदवा, करपत्र भरायच्या एप्रिलची वाट पाहू नका.

आपल्या लोकांचा हमखास चुकणारा आकडा एनआरई (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या) ठेवींच्या व्याजाचा. भारतात ते करमुक्त, अमेरिकेत करपात्र, आणि सबसिडीच्या हिशेबात धरलं जाणारं. तीच गोष्ट भारतातला प्लॉट किंवा फ्लॅट विकून झालेल्या नफ्याची. विक्री कुठल्या वर्षात करायची हे ठरवताना त्या वर्षाची सबसिडी जाणार हे धरूनच चला. सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शनची पूर्ण रक्कम धरतात, करमुक्त म्युनिसिपल बाँडचं व्याजही धरतात. रॉथ या निवृत्तीच्या खात्यातली नियमात बसणारी उचल धरत नाहीत.

उत्पन्न खाली आणायचा सरळ मार्ग म्हणजे एचएसए, उपचारांच्या खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं. २०२६ पासून मार्केटप्लेसवरचे ब्रॉन्झ प्लॅन एचएसएला पात्र ठरले आहेत. कुटुंबाची मर्यादा ८,७५० डॉलर, शिवाय पंचावन्नच्या पुढच्या प्रत्येकाला जादा १,०००. नवरा-बायको दोघांचे जादा हजार एकाच खात्यात चालत नाहीत, दुसऱ्याने स्वतःचं खातं उघडावं लागतं. धंदा असेल तर सेप-आयआरए किंवा सोलो ४०१के हे निवृत्तीचं खातं आहेच.

प्लॅन निवडताना उत्पन्न दोघांचं मिळून ४२,३०० च्या आत असेल तर डोळे झाकून सिल्व्हर पाहा, कारण २०० टक्क्यांपर्यंत सिल्व्हरचा वाटा ७० वरून ८७ किंवा ९४ टक्क्यांवर जातो आणि डिडक्टिबल खूप खाली येतं. २५० टक्क्यांच्या वर असाल तर गोल्डशी तुलना केल्याशिवाय सिल्व्हर घेऊ नका. २०१७ च्या ऑक्टोबरात सरकारने त्या जादा लाभाचे पैसे देणं थांबवलं, तेव्हापासून बहुतेक कंपन्या तो खर्च सिल्व्हरच्या हप्त्यावर चढवतात. त्यामुळे बऱ्याच काउंटींत गोल्ड सिल्व्हरच्या बरोबरीला किंवा त्याहून स्वस्त पडतं.

जाईजुई

ग्रीन कार्डवरच्या आईवडिलांबद्दल लिहिते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मार्केटप्लेस नाही, त्यांनी व्हिजिटर इन्शुरन्सच घ्यायचा. त्यात जुने आजार नीट धरले जात नाहीत.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर मात्र पहिल्या दिवसापासून मार्केटप्लेसवर पात्रता येते. ओपन एन्रोलमेंटची (दरवर्षीच्या नोंदणीच्या मुदतीची) वाट पाहायची गरज नसते. अमेरिकेत राहायला आल्यापासून ६० दिवसांची खास मुदत मिळते. ती हुकली की थेट नोव्हेंबर, आणि विमा जानेवारीत. विमानाचं तिकीट काढतानाच तारखा मांडून ठेवा. मधुमेह, बायपास, गुडघे, काहीही असो, नकार देता येत नाही. हा विमा या कायद्यामुळेच मिळतो, त्याआधी पासष्टीपुढच्या नवागताला नीट विमा मिळवणं जवळपास अशक्य होतं.

सबसिडीचा नियम मात्र २०२६ पासून बदलला. ग्रीन कार्डला पाच वर्षं झालेली नसल्याने मेडिकेड मिळत नाही आणि उत्पन्न गरिबीरेषेखाली आहे, अशांना आधी सबसिडी मिळायची. ती बंद झाली. आता दोन रस्ते उरतात. आईवडील तुमच्या करपत्रावर अवलंबित असतील तर तुमच्या घराचं एकूण उत्पन्न धरलं जाईल, आणि दोघांचा पगार असला की बहुधा कडा ओलांडलेलाच असतो. ते स्वतंत्र करपत्र भरत असतील तर दोघांचं मोजलं जाणारं उत्पन्न निदान २१,१५० डॉलर हवं. ग्रीन कार्डवाल्याला जगभरचं उत्पन्न दाखवावंच लागतं, त्यामुळे एफडीचं व्याज आणि खर्च वजा जाता उरलेलं भाडं त्यात येतं. काही घरांत एवढ्यावर ती पायरी गाठली जाते. उगाच फुगवून दाखवू नका, करपत्राशी ताळा होतो.

पाच वर्षं सलग राहणं झालं की मेडिकेअर विकत घेता येतं. २०२६ चे दर: पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा) महिना २०२.९० डॉलर, आणि अमेरिकेत कर भरून केलेल्या कामाची पुरेशी क्रेडिट नसतील तर पार्ट ए (हॉस्पिटलच्या खर्चाचा) ५६५ पर्यंत. मुलाने इथे भरलेल्या मेडिकेअर करावर आईवडिलांना पार्ट ए फुकट मिळत नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. सात महिन्यांची खिडकी असते, ती पाच वर्षं पूर्ण होण्याच्या तीन महिने आधी उघडते. चुकली तर दर पूर्ण बारा महिन्यांमागे पार्ट बीचा हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, आणि ती वाढ जन्मभर राहते.

एच-१बीवर असून मार्केटप्लेसची सबसिडी घेणाऱ्यांनीही नोंद घ्या: २०२७ पासून सबसिडीची यादी आखडते आणि एच-१बी तीत नाही. पूर्ण हप्ता भरून विमा घेता येईल.

पिंपळपान

खूपच उपयोगी. एक शेवटचं: वार्षिक तपासणी फुकट असा कायदा आहे, तरी लोकांना बिलं का येतात?

दवाबिंदू

कारण ‘फुकट’ हे त्या भेटीला बिलात कुठला कोड लागतो त्यावर ठरतं. चाळिशी ते चौसष्ट वयाच्या जुन्या पेशंटच्या प्रतिबंधक तपासणीचा कोड ९९३९६. तुम्ही तपासणीत सहज म्हणालात, ‘डॉक्टर, गुडघा दुखतोय’, त्यांनी गुडघा पाहिला, औषध लिहिलं, तर ९९२१३ हा दुसरा कोड मॉडिफायर २५ (त्याच दिवशीची वेगळी तपासणी दाखवणारी खूण) लावून जोडला जाऊ शकतो. त्यावर कोपे (दर भेटीला भरायची ठरावीक रक्कम) किंवा डिडक्टिबल लागू. हे नियमबाह्य नाही. गुडघ्यासाठी वेगळी भेट घ्यायची की तिथेच दाखवायचं, ते ठरवून जा.

रक्ततपासणीचंही तसंच. व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड फुकटच्या यादीत नाहीत. साखरेची चाचणी ३५ ते ७० वयाच्या, वजन जास्त असलेल्यांसाठी यादीत आहे. मधुमेह आधीच नोंदलेला असेल तर तीच चाचणी उपचाराचा भाग ठरते. कोलोनोस्कोपी ४५ पासून फुकट, आणि तपासताना पॉलिप सापडून काढला तरी फुकटच राहायला हवी. तिथे बिल आलं तर ते बहुधा कोडिंगमुळे असतं. आधी दवाखान्याकडून कोड बदलून क्लेम पुन्हा पाठवायला लावा.

त्यांनी नाही म्हटलं तर अपील. हा हक्क याच कायद्याने सगळ्यांना दिला आणि वापरणारे फार थोडे. नकाराचं पत्र मिळाल्यापासून १८० दिवसांत कंपनीकडे अंतर्गत अपील करायचं: पत्राची प्रत, डॉक्टरची चिठ्ठी, आणि ‘या क्लेमची पूर्ण फाइल आणि ज्या निकषावर नाकारलं तो निकष द्या’ अशी लेखी मागणी. ही फाइल फुकट द्यावी लागते. तिथेही नकार आला आणि मुद्दा वैद्यकीय गरजेचा असेल, तर चार महिन्यांत बाहेरच्या तटस्थ संस्थेकडून फेरतपासणी मागता येते. तिचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. जीवाला धोका असेल तर ‘अर्जंट’ असं लिहून मागा, मग ७२ तासांत उत्तर द्यावं लागतं. फोनवर बोललात तर तारीख, नाव आणि संदर्भ क्रमांक लिहून घ्या, आणि अपील मात्र फॅक्स किंवा रजिस्टर्ड पत्रानेच पाठवा.